तेलविहिरीच्या पंपावरील विद्युत् चलित्र : कार्यक्षमतेच्या कल्पनेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

तेलविहिरीवरील पंप फिरवणाऱ्या विद्युत् चलित्राची, म्हणजे मोटारीची, कार्यक्षमता कशी वाढवावी ह्या विषयावर गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यात प्रबंध आहेत, परिषदांत वाचलेले निबंध आहेत, उत्पादकांची माहितीपत्रके आहेत आणि प्रत्यक्ष विहिरींवर घेतलेल्या चाचण्यांचे वृत्तांतही आहेत. हे लेखन वाचून मनावर ठसा उमटतो तो असा की, जुने चलित्र काढावे, नवे बसवावे आणि विजेचा खर्च शेकडा वीस, तीस, प्रसंगी चाळीसांनीही उतरलेला पाहावा. ह्या लेखनाचा गोषवारा देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या एका गृहीताची चिकित्सा करणे, एवढाच त्याचा हेतू आहे. ते गृहीत असे की, कार्यक्षमता हा चलित्राचा स्वतःचा गुण आहे; प्रयोगशाळेत तो एकदा मोजला की विहिरीवरही तो तसाच प्रत्ययास येतो. आमच्या मते, गजांच्या साहाय्याने चालणाऱ्या तुळईच्या पंपाबाबत तरी हे गृहीत टिकत नाही. तेथे कार्यक्षमता हा विहीर, पंप, गज, प्रतिभार आणि चलित्र ह्या सर्वांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे. तो संबंध दृष्टिआड करून केलेली सुधारणा पुष्कळदा कागदावरच राहते.

हा वाद केवळ पारिभाषिक नव्हे. जगातील फार मोठ्या संख्येच्या तेलविहिरी आज वृद्ध झालेल्या आहेत. चीनमधील ताछिंग हे क्षेत्र १९५९ मध्ये सापडले. आज तेथे वर येणाऱ्या द्रवात शेकडा नव्वदांहून अधिक भाग पाण्याचा असतो. अमेरिकेत दिवसाला पंधरा पिंपे किंवा त्याहून कमी तेल देणाऱ्या विहिरींना स्वतंत्र नाव आहे आणि त्यांची संख्या लक्षावधींत जाते. अशा विहिरीवर उपसण्याचा खर्च तेलाच्या किमतीच्या वर गेला की विहीर बंद केली जाते आणि भूगर्भात उरलेले तेल बहुधा कायमचेच उरते. म्हणून बचतीचा पैसा योग्य जागी खर्च होतो की चुकीच्या, ह्यावर विहिरीचे आयुष्य अवलंबून असते.

२. यंत्र आणि त्यावरील भार

चिकित्सेच्या सोयीसाठी यंत्राची रचना थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. विहिरीच्या तळाशी एक नळकांडे, त्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि दोन झडपा असतात. एक झडप नळकांड्याच्या बुडाशी स्थिर व दुसरी दट्ट्याबरोबर फिरती. दट्ट्याला वर खेचणारी पोलादी गजांची माळ शेकडो मीटर, कित्येकदा दोन-दोन हजार मीटर लांब असते. जमिनीवर तुळईच्या एका टोकाशी ही माळ लोंबकळते आणि दुसऱ्या टोकाला दांड्यांच्या द्वारे भुजा, दंतचक्रांची पेटी, पट्टा आणि शेवटी चलित्र जोडलेले असते. भुजेवर जड प्रतिभार बसवलेले असतात. भुजेवर प्रतिभार असलेली ही रचना १९२५ च्या सुमारास टेक्सास राज्यातील लफकिन येथे वॉल्टर ट्राउट यांनी सिद्ध केली आणि तिचे मूळ स्वरूप शंभर वर्षांत फारसे पालटलेले नाही. भारतात उत्तर गुजरातेतील मेहसाणा परिसरात असे पंप पाहावयास मिळतात. उलट, १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय ह्या सागरी क्षेत्रात तेल वर आणण्यासाठी मुख्यतः वायूचे साहाय्य घेतले जाते. त्यामुळे तेथे हा प्रश्न ह्या रूपात उद्भवत नाही.

वरच्या धावेत गजांचे वजन अधिक द्रवस्तंभाचे वजन उचलावे लागते. खालच्या धावेत द्रवाचा भार स्थिर झडपेवर जातो आणि गज स्वतःच्या वजनाने खाली येतात. प्रतिभार नसता तर चलित्राला अर्धा वेळ प्रचंड भार आणि अर्धा वेळ उलटा भार सोसावा लागला असता. प्रतिभाराने हे अंतर पुष्कळ कमी होते, पण नाहीसे होत नाही. मिनिटाला सामान्यतः पाच ते पंधरा फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात भाराची दोन शिखरे व दोन दऱ्या येतात, आणि दरीत कित्येकदा भार ऋण होतो; म्हणजे गज वा प्रतिभारच चलित्राला ढकलू लागतात व ते काही क्षण जनित्राचे काम करते. चलित्राच्या दृष्टीने हा भार दर काही सेकंदांनी रूप पालटणारा आहे. पुढील सर्व विवेचनाचे बीज ह्या एका वस्तुस्थितीत आहे.

३. पाटीवरील कार्यक्षमता

चलित्राच्या अंगावरील धातूच्या पाटीवर जो कार्यक्षमतेचा आकडा कोरलेला असतो, तो स्थिर भारावरचा असतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या ६००३४-३०-१ ह्या २०१४ च्या मानकात चलित्रांच्या कार्यक्षमतेच्या श्रेणी ठरवून दिल्या आहेत. भारतीय मानक १२६१५ मध्येही त्याच धर्तीची विभागणी आहे. ह्या श्रेणी अखंड चालू शकणाऱ्या चलित्रासाठी आणि त्याच्या ठरीव शक्तीला धरून आहेत. मानककर्त्यांचा ह्यात काहीच दोष नाही. पंखा, पाण्याचा केंद्रोत्सारी पंप किंवा वायुसंपीडक ह्यांच्या बाबतीत हा आकडा मोठा मार्गदर्शक ठरतो. दोष आहे तो हाच आकडा तुळईच्या पंपाच्या हिशेबात जसाच्या तसा घालणाऱ्या अभ्यासकांचा.

कारण उघड आहे. वेटोळ्यांत होणारे तांब्याचे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भाराबरोबर बदलणारा प्रवाह सतत १ असेल तर हे नुकसान १ मानू. तोच प्रवाह अर्धा वेळ २ आणि अर्धा वेळ ० असेल तर सरासरी प्रवाह १ च राहील, पण वर्गांची सरासरी २ होईल, नुकसान दुप्पट. केलेले काम दोन्ही प्रसंगी जवळजवळ सारखेच. म्हणजे भाराच्या नुसत्या चढउतारामुळे चलित्र अधिक तापते, आणि त्याची निवड प्रवाहाच्या सरासरीवरून न करता वर्गमाध्य मूळावरून करावी लागते. ह्या दोहोंच्या गुणोत्तराला चक्रीय भारगुणक म्हणता येईल.

ह्यातून दुसरी अडचण उत्पन्न होते. तापाची भीती, गोठलेल्या मेणाने किंवा वाळूने जड झालेला पंप सुरू करण्याची गरज आणि लांब तारांमुळे घसरणारा विद्युत् दाब अशी निमित्ते पुढे करून विहिरीवर गरजेपेक्षा बरेच मोठे चलित्र बसवण्याची प्रथा पडली आहे. आराखडा करणारा थोडा वाव ठेवतो, खरेदी करणारा त्यात भर घालतो आणि विहिरीवरचा अधिकारी भांडारात असेल ते मोठे चलित्र मागतो. परिणामी चलित्राची सरासरी ठरीव शक्तीच्या चौथाई-तिहाईवर रेंगाळते. तेवढ्या भारावर लोखंडाचे नुकसान व चुंबकनाचा प्रवाह कायम असल्याने कार्यक्षमता व शक्तिगुणक दोन्ही खालावतात. नव्या चलित्राने झालेली बचत म्हणून जे वृत्तांत प्रसिद्ध होतात, त्यांत ह्या अतिरिक्त आकाराच्या दुरुस्तीचा वाटा किती आणि नव्या रचनेचा किती, हे निराळे काढून दाखवलेले क्वचितच आढळते. पंचेचाळीस किलोवॉटचे जुने चलित्र काढून बावीस किलोवॉटचे नवे बसवले आणि वीज वाचली, तर श्रेय नव्या चलित्राला की लहान चलित्राला? त्याच मापाचे साधे चलित्र बसवून पाहिल्यावाचून ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

४. अधिक सरकेचे चलित्र : एक विरोधाभास

प्रवर्तन चलित्राचा घूर्णक, म्हणजे त्याचा फिरणारा भाग, चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा किंचित मागे राहतो. ह्या मागे राहण्याला सरक म्हणू. सामान्य चलित्रांत ती शेकडा पाचाच्या आत असते. अमेरिकेत तुळईच्या पंपासाठी डी वर्गाची चलित्रे दीर्घकाळ रूढ आहेत. त्यांत सरक मुद्दाम मोठी, शेकडा पाच ते आठ किंवा आठ ते तेरा, ठेवलेली असते आणि सुरुवातीचे परिपीडन, म्हणजे फिरवण्याचा जोर, पूर्ण भाराच्या पावणेतीन पट असतो. आता, हवेच्या फटीतून घूर्णकाकडे जाणाऱ्या शक्तीपैकी सरकेइतका अंश घूर्णकात उष्णतारूपाने जातो हा प्रवर्तन चलित्राचा अटळ नियम आहे. म्हणून बाकावर ठेवून तपासले तर अधिक सरकेचे चलित्र कमी कार्यक्षम ठरणार ह्यात शंका नाही.

विहिरीवर मात्र चित्र बदलते. भाराचे शिखर आले की हे चलित्र मंदावते. त्या वेळी फिरणारे प्रतिभार, दंतचक्रे व पुली आपली साठवलेली गतिज ऊर्जा सोडून भाराचा काही वाटा उचलतात. दरीत चलित्र पुन्हा वेग घेते आणि ती ऊर्जा भरून काढते. सारे यंत्र जणू प्रचक्र बनते. शिखरे खुजी होतात, दऱ्या उथळ होतात, प्रवाहाचे वर्गमाध्य मूळ उतरते आणि गजांवरील ताणही सौम्य होतो. म्हणजे ज्या गुणामुळे चलित्र प्रयोगशाळेत हीन ठरते, तोच गुण विहिरीवर त्याच्या उपयोगी पडतो.

ह्या विरोधाभासाचे दोन्ही पक्षांनी अर्धेच वाचन केले आहे. उच्च श्रेणीच्या चलित्राचे पुरस्कर्ते सरकेचे नुकसान मोजतात आणि शिखरे खुजी झाल्याचा लाभ सोडून देतात. अधिक सरकेचे पुरस्कर्ते लाभ मोजतात आणि घूर्णकातली उष्णता विसरतात. वस्तुतः कोणत्या विहिरीवर कोणता पक्ष खरा, हे फिरत्या भागांचे जडत्व, फेऱ्यांची संख्या आणि प्रतिभाराचा मेळ ह्यांवर ठरते. मंद चालणाऱ्या, नीट तोललेल्या पंपावर भाराची शिखरेच खुजी असतात. तेथे मोठ्या सरकेचे कारण उरत नाही. वेगवान व ओबडधोबड भाराच्या पंपावर ते उरते. सरसकट निर्णय देणारा निबंध म्हणूनच संशयाने वाचावा.

५. कायम चुंबकाचे समकालिक चलित्र

सध्या सर्वांत अधिक बोलबाला आहे तो कायम चुंबकाच्या समकालिक चलित्राचा. ह्याच्या घूर्णकात चुंबकनासाठी वेगळा प्रवाह लागत नाही, सरक नसल्याने सरकेचे नुकसान नाही, आणि कमी भारावरही शक्तिगुणक चांगला राहतो. हे तिन्ही गुण निर्विवाद आहेत. तथापि ज्या लेखनात केवळ हेच गुण सांगितले जातात, त्यात दोन गोष्टी गाळलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, सरळ वितरण जाळ्यावर चालणारे समकालिक चलित्र भाराच्या शिखरापुढे मंदावत नाही. मागील परिच्छेदात वर्णिलेला प्रचक्राचा लाभ येथे सोडावा लागतो. शिखर जसेच्या तसे दंतचक्रांच्या पेटीवर, गजांवर आणि तारांवर येते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर सहा ध्रुवांच्या चलित्राचा समकालिक वेग मिनिटाला १००० फेरे होतो. जुने चलित्र सरासरी शेकडा आठ सरकेने ९२० फेऱ्यांवर चालत होते असे धरू. त्याच पुलीवर समकालिक चलित्र बसवले तर पंपाचे फेरे जवळजवळ शेकडा पावणेनवांनी वाढतील. विहीर तेवढा अधिक द्रव देणारी असेल तर उत्पादन वाढेल व सारे ठीक. पण ती आधीच रिती होत असेल, तर वाढलेल्या फेऱ्यांत दट्ट्या अर्धवट भरलेल्या नळकांड्यातून धावेल आणि खालच्या धावेत द्रवावर आदळेल. वीज अधिक, गजांचा घात अधिक, तेल मात्र तेवढेच. चलित्राची कार्यक्षमता वाढली आणि यंत्रणेची घटली, असा हा प्रकार. पुली बदलून तो टाळता येतो. परंतु पुली बदलली की नाही हे वृत्तांतात न सांगणे ही चूक सामान्य आहे, आणि अशी नोंद नसलेल्या चाचणीवरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

६. कमी भारावरचे उपाय

चलित्र न बदलता त्यालाच काटकसरी बनवण्याचे तीन उपाय लेखनात वारंवार भेटतात.

पहिला, त्रिकोण-जोडणीतून तारा-जोडणीत नेण्याचा. त्यामुळे प्रत्येक वेटोळ्यावरील दाब मूळच्या शेकडा अठ्ठावन्नावर येतो, लोखंडाचे नुकसान घटते, परंतु उपलब्ध परिपीडनही तिहाईवर येते. भार सतत कमी असेल तर उपाय उत्तम. तुळईच्या पंपावर सरासरी कमी असली तरी शिखर उंच असते. शिखराशी चलित्र अडखळले तर प्रवाह वाढून झालेली बचत फिटून जाते. म्हणून फेऱ्यातले कमाल परिपीडन पाहिल्यावाचून ह्या उपायाची शिफारस करू नये.

दुसरा, दाब आपोआप कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाचा. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील अभियंते फ्रँक नोला यांना १९७७ मध्ये अशा नियंत्रकाचे एकस्व मिळाले आणि पुढे त्याविषयी फार मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. तत्त्व निर्दोष आहे : हलक्या भाराला पूर्ण चुंबकनाची आवश्यकता नसते. पण ह्या मार्गाने वाचते ती मुख्यतः चुंबकनाशी निगडित नुकसानाची वीज. लहान, एककला आणि बहुतेक वेळ रिकाम्या चालणाऱ्या चलित्रांत हा अंश मोठा असतो. मोठ्या त्रिकला चलित्रांत तो लहान असतो. एका क्षेत्रात खरे ठरलेले प्रमाण दुसऱ्या क्षेत्रात उसने आणण्याचा हा बोलका नमुना होय.

तिसरा, धारित्र बसवण्याचा. धारित्राने शक्तिगुणक सुधारतो, म्हणजे धारित्राच्या अलीकडील तारांत व रोहित्रांत वाहणारा प्रवाह कमी होतो आणि तेथले नुकसान घटते. चलित्राच्या आतील नुकसानात मात्र त्याने काहीही फरक पडत नाही. असे असता ‘धारित्राने चलित्राची कार्यक्षमता वाढली’ हे विधान पदव्युत्तर प्रबंधांतही आढळावे, ही खेदाची गोष्ट आहे. वीज मंडळाचा दंड वाचणे आणि ऊर्जा वाचणे ह्यांत भेद आहे. तो पुसला जाता कामा नये.

७. मापनातील दोन सापळे

चलित्राइतकेच प्रतिभाराच्या मेळाला महत्त्व आहे हे सर्वांना मान्य आहे. हा मेळ तपासण्याची रूढ रीत अशी की, तारेभोवती चिमट्याचा प्रवाहमापक लावून वरच्या व खालच्या धावेतील कमाल प्रवाह वाचावेत. ते सारखे आले की पंप तोललेला समजावा. ही रीत सोपी आहे, परंतु फसवी आहे. प्रवाहमापक प्रवाहाचा आकडा सांगतो, शक्तीची दिशा सांगत नाही. प्रतिभार फार जड असेल तर खालच्या धावेत त्याला वर चढवण्यास चलित्राला झटावे लागते आणि वरच्या धावेत तोच प्रतिभार चलित्राला ढकलतो. त्या ढकलण्याचा प्रवाहही मापकावर धन म्हणूनच दिसतो. अशा दोन प्रवाहांची बरोबरी झाली म्हणून समतोल साधला असे होत नाही. ह्यासाठी शक्तीचे मापन, दिशेसकट आणि फेऱ्याच्या प्रत्येक क्षणी, केले पाहिजे. आजची उपकरणे ते सहज करतात. म्हणून जुन्या रीतीला चिकटून राहण्याचे समर्थन उरलेले नाही.

दुसरा सापळा उलट्या वाहणाऱ्या ऊर्जेचा. दरीत चलित्र जनित्र झाले म्हणजे ती ऊर्जा वाया गेली असे कित्येक लेखक गृहीत धरतात आणि ती थांबवल्याने होणारी ‘बचत’ पूर्णपणे जमेस धरतात. वस्तुतः एका वाहिनीवर अनेक पंप असतील तर एकाने परत केलेली ऊर्जा शेजारच्या पंपाच्या शिखराला उपयोगी पडते. वाया जातो तो जातायेता होणाऱ्या नुकसानाचा अंश. उलटपक्षी, विजेचा मापक उलट फिरण्यास अटकाव असलेला असेल, तर परत गेलेल्या ऊर्जेची नोंदच होत नाही आणि ग्राहक तिचे मूल्य दोनदा देतो. तेथे बचत दिसते ती हिशेबाची, ऊर्जेची नव्हे. दोन्ही प्रकारांत मापक कोणत्या जातीचा होता हे सांगितल्यावाचून आकडा निरर्थक आहे.

८. एक हिशेब

आता एका कल्पित विहिरीचा हिशेब मांडू. दिवसाला २० घनमीटर, बहुतांशी पाणीच असलेला, द्रव १२०० मीटर उचलावयाचा आहे. त्याला उपयुक्त शक्ती लागते सुमारे २.७ किलोवॉट. चलित्र सरासरी ९ किलोवॉट घेते असे धरू. म्हणजे यंत्रणेची एकंदर कार्यक्षमता शेकडा तीस. चलित्राची प्रत्यक्ष सरासरी कार्यक्षमता शेकडा ८२ मानली तर त्यात जळतात १.६ किलोवॉट, उरलेले ४.७ किलोवॉट पट्टा, दंतचक्रे, गजांचे घर्षण आणि पंपाची गळती ह्यांत जातात.

नवे चलित्र शेकडा ८८ कार्यक्षमतेचे आणले. आदान ८.४ किलोवॉटवर येईल, बचत ०.६ किलोवॉट, म्हणजे शेकडा सात. ही बचत तुच्छ नव्हे. पण चलित्र संपूर्ण निर्दोष, नुकसानशून्य असते तरी शेकडा अठरांपलीकडे बचत शक्य नव्हती. चलित्रात जेवढी वीज जळते, तेवढीच चलित्र बदलून वाचू शकते. त्याहून अधिक कोणत्याही युक्तीने वाचणार नाही. ज्या वृत्तांतात केवळ चलित्राच्या बदलाने शेकडा चाळीस बचत दाखवलेली असते, तेथे जुन्या चलित्राची कार्यक्षमता साठांच्याही खाली असली पाहिजे, नाहीतर चलित्राखेरीज आणखी काही बदलले असले पाहिजे. फार मोठे चलित्र फार हलक्या भारावर चालत असेल तर पहिला पर्याय संभवतो. बहुधा दुसराच खरा असतो : फेरे कमी झाले, प्रतिभार हलवला गेला किंवा विहिरीतील द्रवाची पातळी वर आली.

ह्याच विहिरीत नळकांडे प्रत्येक धावेत अर्धेच भरत असेल तर? मग फेरे निम्मे करूनही उत्पादन जवळजवळ तेवढेच राहते. एकंदर ६.३ किलोवॉट नुकसानापैकी अर्धाच भाग फेऱ्यांबरोबर घटणारा धरला, तरी सुमारे १.६ किलोवॉट वाचतात. नव्या चलित्राच्या अडीचपट. विहिरीचे हे निदान नवे नाही. विहिरीच्या तळाशी पंपावर प्रत्यक्ष किती भार येतो हे नोंदवणाऱ्या उपकरणाविषयी गिल्बर्ट यांनी १९३६ मध्ये लिहिले, आणि जमिनीवरील मापनांवरून तळाशी काय घडते हे गजांतील तरंगांच्या समीकरणाने काढण्याची रीत गिब्ज यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. चलित्राच्या लेखनात ह्या दोन नावांचा उल्लेखही सहसा नसावा, हे त्या लेखनाच्या एकांगीपणाचे द्योतक आहे.

कंप्रता बदलून चलित्राचा वेग बदलणाऱ्या साधनाची खरी योग्यता येथे समजते. ते साधन स्वतः शेकडा काही अंश वीज खाते आणि जाळ्यात विकृत तरंग सोडते. परत आलेली ऊर्जा ते रोधात जाळत असेल तर तेही नुकसानच. तरीसुद्धा ते लाभदायक ठरते, कारण ते पंपाचा वेग विहिरीच्या क्षमतेशी जुळवते. जड तेलाच्या विहिरीत गज खाली उतरण्यास विलंब लावतात. तेथे खालची धाव मंद व वरची जलद ठेवण्याची सोय त्याने होते. म्हणजे त्याचा लाभ चलित्राच्या सुधारणेचा नसून कामाच्या सुधारणेचा आहे.

९. प्रतिपक्षाची बाजू

चलित्रावरील संशोधन व्यर्थ आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. विहिरीच्या आतच बुडवलेल्या विद्युत् पंपाचे उदाहरण घ्या. रशियात १९११ मध्ये आपला उद्योग सुरू करून पुढे १९२३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या आर्मेस अरूतुनॉव्ह यांनी हा पंप प्रचारात आणला. त्यात चलित्र आणि केंद्रोत्सारी पंप दोन्ही विहिरीच्या नळीत उतरवलेले असतात. नळीचा व्यास ठरलेला, म्हणून चलित्र बारीक व अतिशय लांब करावे लागते. प्रवर्तन चलित्राला ही ठेवण मानवत नाही आणि त्याची कार्यक्षमता जमिनीवरच्या चलित्रापेक्षा कमी राहते. भार मात्र स्थिर असतो. येथे कायम चुंबकाच्या चलित्राने होणारा लाभ खरा आणि मापनाने पडताळता येण्याजोगा आहे. रशियात अशी चलित्रे विहिरींत मोठ्या संख्येने उतरवली गेली, ती अकारण नव्हे. एकच चलित्र, एकच दावा. एका ठिकाणी तो बळकट आणि दुसऱ्या ठिकाणी दुबळा. भेद चलित्रात नाही, भाराच्या स्वरूपात आहे.

१०. उपसंहार

वरील विवेचनातून अभ्यासकांसाठी काही कसोट्या निष्पन्न होतात. बचतीचा आकडा किलोवॉटमध्ये न देता, एक टन द्रव शंभर मीटर उचलण्यास लागलेल्या विजेत द्यावा. चीनमधील क्षेत्रांत हे परिमाण वापरात आहे आणि ते सर्वत्र स्वीकारण्याजोगे आहे. ह्या कामाला तत्त्वतः ०.२७ किलोवॉट-तास पुरतात. आपल्या कल्पित विहिरीला ०.९ लागत होते. एवढ्या एका तुलनेने कोणत्याही विहिरीची स्थिती क्षणात कळते. दुसरे, चाचणीच्या आधी व नंतर फेऱ्यांची संख्या, द्रवाची पातळी, प्रतिभाराची जागा आणि पुलीचा व्यास ह्यांची नोंद असावी. तिसरे, शक्तीचे मापन दिशेसह व्हावे. चौथे, चलित्रात प्रत्यक्ष किती वीज जळते ते आधी काढावे आणि तिच्याहून मोठ्या बचतीचा दावा आला तर कारण अन्यत्र शोधावे.

कामाचा क्रमही ह्यावरून ठरतो. प्रथम विहीर काय देऊ शकते ते पाहावे. शक्य असेल तेथे वर येणारे पाणी अडवावे, कारण न उचललेल्या पाण्याइतकी स्वस्त वीज नाही. मग पंप भरतो की नाही, मग प्रतिभार, मग चलित्राचा आकार, आणि शेवटी चलित्राची जात. प्रचलित लेखन ह्या क्रमाच्या शेवटच्या पायरीपासून आरंभ करते. कारण समजण्यासारखे आहे : चलित्र विकत घेता येते, विहिरीचे निदान विकत घेता येत नाही, त्यासाठी विहिरीपाशी जाऊन बसावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी चलित्राचा प्रबंध लिहिण्यापूर्वी एक दिवस तुळईजवळ उभे राहून एका फेऱ्याचा आलेख स्वतःच्या हाताने काढावा, एवढीच विनंती करून हे विवेचन पुरे करतो.